दहावं नाव

पार्सल बोटीनं आलं म्हणून तीन महिने लागले.
परभणी स्टेशनावरून कॉलेजात
मी सायकलीच्या कॅरियरवर आणलं,
सुतळी दातांनी तोडली.
एकतीस पुस्तकं. चारांची पानं
समुद्रानं चिकटवलेली.

मी ग्रंथालयात शिपाई, केरबा.
दिवसा शिक्के मारायचे, रात्री बी.ए.चा अभ्यास.
दाखल क्रमांक घातले, एकवीसशे नव्वदपासून पुढं,
वर्गांकाच्या रकान्यात हात थांबला.
पांगरीकर म्हणाले, "अमेरिकेत टाक."
भद्रे सर म्हणाले, "टाक, पण कडेला नको."
शेवटी खिडकीपाशी एक कपाट मिळालं,
ज्यात आधी एन.सी.सी.चे बूट असत.
पुढं कितीतरी वर्षं त्या पुस्तकांना
पॉलिशचा वास यायचा.

विद्यापीठाच्या समितीत कुणीतरी विचारलं म्हणे,
हे साहित्य आहे की तक्रार?
सरांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला सांगितलं नाही.
पेपर मंजूर झाला: काळ्या अमेरिकेचं साहित्य,
ऐच्छिक, पन्नास गुण,
दुपारी साडेतीन, पत्र्याची खोली.
अट एकच, विद्यार्थी दहा पाहिजेत.

नऊ झाले.
सर हजेरीपट घेऊन लायब्ररीत आले,
बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.
पंखा बंद होता.
मग म्हणाले, "केरबा, तुझी फी भरलेली आहे ना?"

पुस्तक एक, माणसं दहा.
मी स्टेन्सिल कापायचो,
टाइपरायटर जुना, इंग्रजी ओचं पोट गळून पडायचं,
प्रत्येक पानाला बारीक बारीक भोकं.
उजेडाकडं धरलं की पलीकडचा माणूस दिसे.

शब्दकोशात ओव्हरसियर म्हणजे देखरेख करणारा.
कौतिका धापसे म्हणाली, "मुकादम म्हना की."
सरांनी फळ्यावरचं पुसलं.
कापसाच्या बोंडाचा उतारा आला
तेव्हा तिनं नुसते हात पुढं केले,
"वाळलं की त्येला नखं फुटतात, सर."

शेख मुनीरनं विचारलं,
"उनको तो बेचते थे, सर. अपने यहाँ?"
सर खडू शोधत होते.
कौतिका वहीतून वर न बघता बोलली,
"आमाला कोन इकत घेतंय?
आमी फुकटच व्हतो."
जिनिंगचा भोंगा झाला. कुणी उठलं नाही.

"सारखं आहे असं म्हणू नका,"
सर पुष्कळ वेळानं म्हणाले.
"शेजारी ठेवा. आणि बघत राहा."

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात
दोन हजार दोनशे सात नंबरचं पुस्तक
तिच्या नावावर होतं.
परतीची तारीख उलटली.
नियमाप्रमाणं मी पोस्टकार्ड टाकलं.
ते परत आलं. पोस्टमननं
पेन्सिलीनं लिहिलं होतं: घर नाही.
वस्त्या कशा जळाल्या ते तोवर
सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.
मी तरी कार्ड टाकलं होतं.
दंडाच्या भाषेत.

दिवाळीनंतर ती आली, भावासोबत,
काउंटरपाशी उभी.
"बुकाचे पैसे किती?"
किंमत डॉलरात होती. मी म्हणालो, राहू दे.
"तसं नगं. पैसे घ्या.
पन दुसरी प्रत हाये का?
शेवटली चाळीस पानं राहिलीत माझी."

दुसरी प्रत नव्हती.

सरांना बोलावलं. त्यांनी उभ्याउभ्याच
ती चाळीस पानं सांगितली,
मराठीत, मधेच अडखळत,
नदी, पूल, म्हातारीचा तो कोट, सगळं.
साडेपाच झाले. कुलूप माझ्या हातात.
भाऊ दाराशी बसून विडी न पेटवता धरून होता.

आणि बाई परत त्याच शेतावर गेली,
असं सर म्हणाले तेव्हा
कौतिकानं मान हलवली.
"न्हाई सर. तुमी चुकताव.
ती परत गेली नसंल."

सरांनी चष्मा काढला.
"छापलंय तसं," म्हणाले.

"आसंल," ती म्हणाली,
आणि पदराच्या गाठीतले पैसे
माझ्यासमोर मोजून ठेवले.